विसरवाडीचा मुका माईक

मोटरीला लाईट यायला अजून वेळ आहे, तोवर बसा. उमाकांत, ती पऱ्हाटी जरा शेकोटीत सरकव. आणि तो मोबाईल खिशात घाल. ही गोष्ट त्यात सापडायची नाही.

नंदुरबारचा मेहबूब मिस्तरी तुमच्यापैकी कोणाला तरी माहीत असेल. लग्नाकार्यात भोंगे, माईक, मशीन भाड्याने देतो, बिघडलेले दुरुस्तही करतो. मी नवापूर-नंदुरबार गाडीवर ड्रायव्हर होतो तेव्हापासूनची आमची ओळख. माणूस कमी बोलणारा. चार वेळा विचारलं तर एकदा सांगणारा. मी सांगतोय ते त्याच्यावर गुदरलेलं आहे. शेवटचं तेवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

दोन वर्षं झाली. तुळशीच्या लग्नाचा दिवस, शुक्रवार. जुम्म्याची नमाज उरकून मेहबूब दुकानात आला आणि फोन वाजला. विसरवाडीहून चुनीलाल बोलत होता.

हा चुनीलाल म्हणजे विसरवाडी फाट्यावरचा बुकिंगवाला. सुरतेच्या खासगी गाड्यांची तिकिटं काढायचा. शिवाय दिवाळी झाली की सातपुड्यातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, त्यांना गाड्यांत कोंबून द्यायचं कामही त्याचंच. दुकानाच्या पत्र्यावर भोंगा, टेबलाखाली आवाज मोठा करायचं मशीन. संध्याकाळ झाली की सगळ्या फाट्याला त्याचा आवाज ऐकू यायचा, "व्यारा, बारडोली, सुरत! चला बसा, चला बसा!" मी त्या रस्त्याने इतकी वर्षं गाडी चालवली, पण त्या माणसाचा घसा बसलेला मी कधी ऐकला नाही.

फोनवर म्हणाला, "मेहबूबभाई, मन्हा भोंगाना माईक उंदीरसनी कुरतडी टाका. दुसरा माईक शे मनजोडे, तो लावा, पन तो वाजत नही. मशीन चालू शे, लाईट लागस, माईक मुका शे."

"दुसरा कोनता?"

"कॉम्प्युटरना. टेबलवर ठेवाना, लांब मानना."

मेहबूब हसला. "मंग तो वाजाव नही, शेठ. त्याले कॉम्प्युटर करंट देस. तुन्हं मशीन देत नही."

आता हे तुम्हाला सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. लग्नातला माईक असतो ना, तो स्वतःच्या जिवावर चालतो. कॉम्प्युटरच्या माईकचं तसं नाही. त्याच्या पोटात एक बारीकशी चकती असते, तिला थोडासा करंट सतत लागतो. कॉम्प्युटर त्याच वायरीतून तो गुपचूप पुरवतो. कॉम्प्युटरमधून काढून भोंग्याच्या मशीनला जोडला की संपलं. तुम्ही त्यात कितीही ओरडा, दगडाशी बोलल्यासारखं. म्हणून मध्ये एक डबी बसवावी लागते. डबीत दोन पेन्सिल सेल, एक रेझिस्टन्स, एक कंडेन्सर. सेल माईकला करंट देतो, आणि आवाज तेवढा कंडेन्सरमधून मशीनकडे जातो. मेहबूबसाठी हे तासाभराचंही काम नाही.

चुनीलाल म्हणाला, "आजच ये. सकायपासून मजूर उतरतीन. भोंगा नही ते धंदा नही."

मेहबूबने दुकानातच डबी बांधली, पिशवीत हत्यारं टाकली. घरून निघताना बायकोने, जन्नतबीने, गरम टोपी हातात दिली, एवढंच. खांडबाऱ्यावरून मोटरसायकलने तो विसरवाडीला पोचला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. गावात फटाके वाजत होते. फाट्यावर ट्रक उभे, समोर फुलीबाईची चहाची टपरी भरलेली. उसाला निघालेली दोन-चार बिऱ्हाडं आधीच येऊन रस्त्याच्या कडेला गाठोड्यांवर टेकलेली.

चुनीलालचं दुकान म्हणजे एक खोली. पुढे शटर, शटरच्या बाजूला गजांची खिडकी. तिकीट त्या खिडकीतून द्यायचं. खिडकीला लागून टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. मागे एक खाट. हंगामात चुनीलाल तिथेच झोपायचा.

"बठ, मिस्तरी. चहा सांगू?" माणूस मोठा गोडबोल्या. बोलता बोलता त्याने टेबलाचा खालचा खण उघडला आणि अगदी आतून, जुन्या कॅलेंडरांच्या खालून, तो माईक बाहेर काढला.

मेहबूबने तो हातात घेतला. माईकच्या तोंडावर काळ्या स्पंजची टोपी असते, ती एका बाजूने पिळून दबलेली होती. कोणीतरी मुठीत घट्ट आवळून धरल्यासारखी. आणि वायर ताणलेली, पिनेपाशी सुटायला आलेली.

"याले कोनी वढं का?"

"पडना व्हता," चुनीलाल म्हणाला आणि रस्त्याकडे बघायला लागला. "वरीस व्हई गयं. खनमांच पडेल व्हता."

मेहबूबने वायर नवीन डाग देऊन पक्की केली. माईकची पिन डबीत घातली, डबीची जाड पिन मशीनमध्ये. डबीत दोन सेल बसवले. झाकणाचा स्क्रू नंतर लावू म्हणून तसंच ठेवलं. मशीनचा आवाज थोडा वाढवला.

पत्र्यावरच्या भोंग्यातून 'ठप्प' असा आवाज आला.

"जागा व्हयना!" चुनीलाल खूश झाला.

मग भोंग्यातून एक बारीक घरघर यायला लागली. मेहबूबला वाटलं, वाऱ्याची असेल. त्याने माईकवर तळहात ठेवला. वारा असता तर घरघर थांबली असती.

थांबली नाही.

त्याने कान दिला. घरघर नव्हती ती. रातकिडे होते. रातकिडे, आणि लांबून घाट चढणारा एखादा ट्रक. मेहबूबने खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर फटाक्यांची लड फुटत होती, फुलीबाईचा स्टोव्ह भुरभुरत होता, क्लीनर लोक हसत होते. टेबलावरचा माईक उघडा. पण भोंग्यातून एक फटाका येत नव्हता. एक माणूस येत नव्हता. भोंग्यातून येत होती ती निजलेल्या फाट्याची रात्र होती.

आजची नाही. दुसरीच कुठली तरी.

उमाकांत, हसू नको. मीही त्याला हेच म्हणालो होतो, की बाबा, मशीन कुठलं तरी रेडिओ स्टेशन धरतं. तो म्हणाला, "उस्ताद, रेडिओत कोणी खिडकीखाली येऊन श्वास घेत नाही."

कारण त्यानंतर तेच ऐकू आलं. श्वास. अगदी माईकला तोंड लावून घेतलेला.

"दादा…"

बाईचा आवाज. जड जिभेचा. डोंगरातली बाई खालच्या माणसांशी बोलते तशी भाषा.

"दादा… दार उघाड. पान लागलं मला…"

पान लागलं म्हणजे साप चावला, हे तुम्हाला सांगायला नको.

बाहेर फुलीबाईच्या टपरीवरचं हसणं थांबलं. भोंगा सगळ्या फाट्यावर बोलत होता.

"दवाखाना जवळ हाय, दादा… तुझी जीप उभी हाय… डोळं मिटतात माझं… उघाड ना…"

मेहबूबने चुनीलालकडे पाहिलं. चुनीलालच्या हातातला चहा हातातच होता.

"बंद कर," तो म्हणाला. "मिस्तरी, बंद कर ते! सेल काढी टाक!"

मेहबूबने डबीतून दोन्ही सेल उपटून काढले. आता माईक मेला. मरायलाच पाहिजे. करंट नाही तर आवाज नाही. मेहबूबने आयुष्यात एवढी एक गोष्ट तरी पक्की धरलेली.

"दादा… ऐकतोस ना? आत हायस तू… खाट वाजली…"

"सेल काढ म्हनी ऱ्हायनू ना!"

मेहबूबने मूठ उघडून दाखवली. "सेल मन्हा हातमां शेतस, शेठ."

चुनीलालने ते दोन सेल पाहिले. मग डबी पाहिली. रिकामी.

आणि त्याच वेळी भोंग्यातून दुसरा आवाज आला. जरा लांबून, बंद खोलीच्या आतून आल्यासारखा. तो आवाज फाट्यावरचं लहान पोरही ओळखत होतं. रोज संध्याकाळी तोच तर ओरडायचा.

"सांजले मी आत बलायं, तवय तू उनी नही. आते मर बाहेर."

संध्याकाळी त्याने तिला आत बोलावलं होतं, ती गेली नव्हती.

"दादा, पाया पडते…"

"माईक धरीसन वरडी ऱ्हायनी? वरड! जोरमां बोल! ऐकू येत नही!"

आणि हसणं. चुनीलालचं हसणं.

चुनीलालने झडप घालून मशीनचं बटण बंद केलं. भोंगा गप्प झाला. फटाकेही थांबले होते. सगळा फाटा दुकानासमोर येऊन उभा राहिला होता. ट्रकवाले, टपरीवरचे, गाठोड्यांवरची बिऱ्हाडं. सगळ्यात पुढे, खिडकीच्या गजांना धरून, फुलीबाई.

"आय वं…" ती म्हणाली. "हाई तं दिवली शे."

मेहबूबला माहीत नव्हतं. फुलीबाईने तिथेच, चुनीलालच्या तोंडावर, सांगितलं. गेल्या हंगामात दिवली नावाची तरणी बाई धडगावकडून आली होती. नवरा आधीच उसावर गेलेला, तिची गाडी चुकली. सकाळच्या गाडीची वाट बघत दुकानापुढे झोपली. रात्री मण्यार चावली. सकाळी फुलीबाई टपरी उघडायला आली तर बाई खिडकीखाली मरून पडलेली. हात गजांतून आत घालून तिने टेबलावरचा हा माईक ओढला होता, वायर पुरेल तेवढा बाहेर. मेली तरी मूठ सुटली नव्हती. तिला काय माहीत तो कॉम्प्युटरचा आहे म्हणून? तिला वाटलं, हाच तो भोंग्याचा. यात बोललं की सगळा फाटा जागा होतो.

तिने सगळं त्यात सांगितलं होतं. फक्त करंट नव्हता.

"तू तं म्हने, त्या रातले मी घर व्हतू," फुलीबाई म्हणाली. "पोलीससले बी तेच सांगं. दुकान बंद व्हतं म्हने. बोल आते."

चुनीलाल हुशार माणूस. धंदाच बोलण्याचा. त्याने घाम पुसला, हसायचा प्रयत्न केला. "अरे, हाऊ मिस्तरी टेप लाई ऱ्हायना! कोनी पैसा दिसन धाडेल शे याले. थांबा. मी सांगस बठ्ठासले."

मेहबूब म्हणाला, "शेठ, हात लावू नको."

ऐकलं नाही. त्याने मशीनचं बटण दाबलं. माईक उचलला. तोंडापाशी धरला, रोज धरायचा तसा.

आणि बोलला.

ओठ हलले. मानेच्या शिरा फुगल्या. भोंगा गप्प. ते ठीक आहे, डबीत सेल नव्हते, भोंगा गप्पच राहणार. पण मेहबूब त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मधे वायर नाही, मशीन नाही, काही नाही.

त्यालाही ऐकू आलं नाही.

चुनीलाल थांबला. पुन्हा बोलला. तोंड एवढं मोठं उघडलं की पडजीभ दिसली. ओरडत होता तो. जीव खाऊन ओरडत होता.

काही नाही.

त्याने माईक खाली ठेवला. घशाला हात लावला. पुन्हा ओरडला.

काही नाही…

फुलीबाईने गजांवरचे हात काढले.

तेव्हा भोंगा बोलला. हळू. अगदी शांत. पण ही ती कण्हणारी, पाया पडणारी नव्हती. ही उभी होती. हिला कसलीच घाई नव्हती.

"जोरमां बोल, दादा."

…

"ऐकू येत नही."

मेहबूब पळाला. हत्यारं टाकून, डबी तशीच उघडी टाकून, मोटरसायकलही टाकून. रस्ता ओलांडला आणि फुलीबाईच्या टपरीमागे रात्रभर बसून राहिला. सकाळी मी नवापूरहून पहिली गाडी घेऊन आलो तर हा हात करतोय. केबिनमध्ये माझ्या शेजारी बसला. खांडबारा आलं तरी घशावरचा हात काढेना. मी म्हटलं, "मिस्तरी, तब्येत बरी ना?" तर माझ्याकडे बघून म्हणाला, "उस्ताद, माझा आवाज येतो ना तुम्हाला?"

पुढचं तुम्ही विचारायच्या आधी सांगतो. पोलीस आले. माईक जप्त करून नेला. लोकांनी जबान्या दिल्या, पण भोंग्याचं म्हणणं कोर्टात चालत नाही. चुनीलाल सुटला. सुटला म्हणजे जेलातून.

सुरतेच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. सगळं जागच्या जागी. बिघाड काही नाही. पण आवाज नाही. बोलणं सोडा, त्या माणसाला खोकला आला तरी आवाज नाही. शिंक नाही. रडायचा तेव्हा नुसतं तोंड वाकडं व्हायचं आणि पाणी गळायचं. दुकानाला कुलूप लागलं.

मग पावसाळा आला. घरी, विसरवाडीतच, रात्री तो मोरीत गेला. झडीने लाकडी दार फुगलेलं, ते आतून अडकलं. छातीत कळ आली असावी. त्याची बायको सीमा पलीकडच्या खोलीत होती, जागी होती. मुलीला ताप होता, तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. मधे एक भिंत. सकाळी दार फोडलं तेव्हा तो दाराशी बसलेला, तोंड उघडं.

आता ओरडता येत नव्हतं, हे खरं. पण दार ठोकायला काय घसा लागतो? आणि त्याने ठोकलं होतं रे पोरंहो. दोन्ही मुठींची कातडी सोलून निघाली होती. दारावर रक्ताचे ठसे होते. हाडापर्यंत ठोकलं होतं.

सीमा शपथेवर सांगते. तिला एक टकटक ऐकू आली नाही.

त्यानंतर महिन्याभराने असेल. विसरवाडीला मी गाडी उभी केली तर सीमा ड्रायव्हरच्या खिडकीपाशी आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"भाऊ, दुकान खाली करं आज. हाई मिस्तरीनं शे. त्याले दी द्या. मन्हा घरमां नको."

पिशवीत ती डबी होती. गाडी डेपोत लावून मी तशीच मेहबूबच्या दुकानात नेली. त्याने पाहिली आणि दोन पावलं मागे सरला. बराच वेळ हात लावेना.

मग म्हणाला, "उस्ताद, झाकण कोणी लावलं?"

"म्हणजे?"

"मी उघडी टाकून पळालो होतो. त्या रात्रीपासून दुकानाला कुलूप होतं. हा स्क्रू तर माझ्या खिशात होता, तो मी घरी येऊन फेकून दिला."

झाकणाला स्क्रू होता. घट्ट पिळलेला.

मीच म्हटलं, उघड. दुपारची वेळ होती, बाजार भरलेला होता, म्हणून माझी छाती झाली. त्याने स्क्रू काढला, झाकण उचललं.

सेल नव्हते. सेलच्या खाचेत, स्प्रिंगला नीट टेकवून, एक जोडवं बसवलेलं होतं. चांदीचं. डोंगरातल्या बाया पायात घालतात तसं, झिजलेलं.

मी म्हटलं, "अरे, मग बरोबर आहे. चांदीतून करंट जातो, तूच सांगतोस ना नेहमी?"

मेहबूबने मान हलवली. "जातो, उस्ताद. जातो. पण चांदी करंट बनवत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येईल?"

एवढं बोलून त्याने भिंतीवरचा करंट मोजायचा काट्याचा मीटर काढला. एक वायर या टोकाला लावली, एक त्या टोकाला.

काटा उठला.

हळूच उठला… आणि तिथेच उभा राहिला.